जुन्या बाजारातली जपानी गुंडाळी: २७ अक्षरांची कविता असते का?

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

सहा वर्षं तोक्योत आहे. गेल्या रविवारी एका देवळाच्या आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. तिथे एक काकेजिकु, म्हणजे भिंतीवर टांगायची कापडी काठाची गुंडाळी, १५०० येनला मिळाली. विक्रेता आवराआवर करत होता, पाऊस यायच्या बेतात होता, म्हणून स्वस्त. पांढऱ्या (आता पिवळट) कागदावर काळ्या शाईने दोन उभ्या ओळी आहेत. कसली झोकदार अक्षरं आहेत! घरी आणून टांगली. बायकोने पहिलाच प्रश्न टाकला, "लिहिलंय काय?"

इथे आमची पंचाईत. ऑफिसच्या मेल वाचण्याइतपत जपानी येतं मला, पण यातलं एक अक्षर लागेना. शेजारच्या आजींना बोलावलं, ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांनी दोन मिनिटं बघितलं, "सुरेख आहे हो" म्हणाल्या आणि हसून सांगितलं, "मला नाही वाचता येत." ऑफिसातल्या दोघांना मोबाइलवर फोटो दाखवला, त्यांनी मान तिरकी करून हवा आत ओढली. जपानात राहणाऱ्यांना या आवाजाचा अर्थ माहीत आहे: "अवघड आहे बुवा."

फोटो इथे चढत नाहीये, म्हणून शब्दांत सांगतो. उजव्या ओळीत १४ अक्षरं. डाव्या ओळीत १३. त्याखाली बारीक अक्षरात काहीतरी, बहुधा सही. मग दोन लाल चौकोनी शिक्के, आणि उजवीकडे अगदी वर एक लांबट शिक्का.

हे जपानी आहे की चिनी? आणि जे कुणालाच वाचता येत नाही ते लोक भिंतीवर टांगतात तरी कशाला?

टवाळ

धोब्याचा हिशोब असेल. १४ सदरे, १३ पायजमे.

कांदेपोहे

टवाळ =)) पण एक खरी शंका. हे हाताने लिहिलेलंच आहे ना, छापील नाही ना? १५०० येन म्हणजे आपले आठ-नऊशे रुपये. एवढ्यात साधं कॅलेंडरही येत नाही तिकडे.

शाईचोर

कांदेपोहेंची शंका रास्त आहे. मी नागोयात चार वर्षं शोदो शिकतेय. (शोदो = ब्रशने अक्षरं लिहिण्याची कला. "कॅलिग्राफी" म्हटलं की लोकांना लग्नपत्रिका आठवते, म्हणून शोदोच म्हणते.) धागाकर्ते, भिंग घ्या आणि बघा. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतील. हाताचं असेल तर जिथे एक फराटा दुसऱ्यावरून गेलाय तिथे खालच्या फराट्याची कड दिसेल, आणि काही अक्षरांच्या शेपटीला केस विस्कटल्यासारख्या पांढऱ्या रेघा असतील. ब्रश सुकत आला की त्या उमटतात, त्यांना कासुरे म्हणतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, दोष नव्हे.

काळ्यावर पांढरी अक्षरं असती तर शिलालेखाचा ठसा म्हटलं असतं. पण तुमची पांढऱ्यावर काळी आहेत, तेव्हा आशा आहे.

आजींना का वाचता आलं नाही? कारण ते बहुतेक सोशो आहे. कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) लिहायच्या ढोबळ पाच तऱ्हा: तेन्शो (शिक्क्यांवरची), रेइशो, काइशो (छापील पुस्तकासारखी सुटी सुटी), ग्योशो (जरा धावती) आणि सोशो. सोशोत वीस रेघांचं अक्षर दोन-तीन वळणांत उरकतात. आजच्या शाळेत तिसरीपासून ब्रश हातात देतात, पण ते काइशो. सोशो ज्याने वेगळं शिकलंय त्यालाच लागतं.

मोडीवाचक

मग नवल ते काय! पणजोबांचं दप्तर काढा घरातलं आणि वाचून दाखवा. भाषा मराठी, माणूस घरचाच, पण मोडी येत नसेल तर एक ओळ लागणार नाही. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग बोरू न उचलता पळवायचा. घाईने अक्षरांचे आकार मोडतात आणि त्यांचेच नवे आकार होतात. तुमच्या आजी आणि आपण एकाच नावेत.

टवाळ

फरक एवढाच की मोडीत काय निघतं तर "सालमजकुरी गहू पायली चार". म्हणजे माझा धोब्याचा हिशोब अजून शर्यतीत आहे.

पुणेरी_सेन्सेई

धोबी बाजूला ठेवा. १४ आणि १३ हे आकडे बघून माझे कान टवकारले. पुण्यात पंधरा वर्षं जपानी शिकवतो, थोडं सविस्तर लिहितो.

दोन ओळींत १४-१४ म्हणजे २८. सात अक्षरांचे चार चरण. याला जपानीत शिचिगोन झेक्कु म्हणतात, चिनी अभिजात कवितेतला अगदी लाडका घाट. तांग काळातल्या (इ.स. ६१८ ते ९०७) शेकडो प्रसिद्ध कविता या मापाच्या आहेत. ३५ बाय १३५ सेंटिमीटरच्या उभ्या कागदावर, ज्याला हानसेत्सु म्हणतात, ती दोन ओळींत चपखल बसते. तुमचा कागद मोजा, तेवढाच भरेल. तेव्हा उत्तर: कविता चिनी, हात जपानी. तुमचं मोजणं मात्र एकाने चुकलंय. सोशोत दोन अक्षरं एकमेकांत गुंततात, परत मोजा.

आता "जपान्याने चिनी कविता का लिहावी" यावर. अहो, हजार वर्षांहून जुनी रीत आहे. हेइआन काळात (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) दरबारी माणसाला चिनी कविता येणं म्हणजे आपल्याकडे शास्त्र्याला संस्कृत येण्यासारखं. तांग कवी बाइ ज्युयी तर तिथे इतका डोक्यावर घेतलेला की अकराव्या शतकाच्या सुरुवातीला फुजिवारा नो किंतोने गाण्यासाठी चिनी नि जपानी कवितांचा जो संग्रह केला, त्यात चिनी कवींमध्ये सर्वांत जास्त ओळी त्याच्याच. फुजिवारा नो युकिनारीने १०१८ साली लिहिलेली बाइ ज्युयीच्या कवितांची गुंडाळी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून. धागाकर्ते, ती मांडली असेल तेव्हा नक्की बघा. रंगीत कागदांचे तुकडे जोडलेत आणि त्यावर हात असा चाललाय की कुठे थांबला तेच कळत नाही.

बोरूबहाद्दर

सेन्सेई, एक कळलं नाही. चिनी वाक्यरचना वेगळी, जपानी वेगळी. मग जपानी माणूस ही कविता वाचताना चिनी बोलतो का?

पुणेरी_सेन्सेई

लाख मोलाचा प्रश्न! नाही बोलत. शाळेत संस्कृत शिकलात ना? श्लोकाचा अन्वय लावायचा, शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने १, २, ३ घालायचे आणि त्या क्रमाने वाचायचं. जपान्यांनी हेच केलं. चिनी ओळीच्या बाजूला बारीक खुणा: हे अक्षर आधी, ते नंतर, इथून मागे या. याला कुंदोकु म्हणतात. अक्षर चिनी तसंच ठेवायचं, पण तोंडातून जपानी वाक्य निघतं.

आणि गंमत अशी की ते वाक्य मराठीच्या चालीने पडतं. चिनीत "हिम भरते आकाश" अशा क्रमाने तीन अक्षरं असली तर जपानी माणूस "शिमो तेन नि मित्सु" वाचतो. शिमो म्हणजे हिम, तेन म्हणजे आकाश, "नि" म्हणजे आपला "त", मित्सु म्हणजे भरते. हिम आकाशात भरते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामामागे. माझ्या विद्यार्थ्यांना कुंदोकु अवघड जात नाही ते यामुळेच.

रेवती_क

पण मग यमक गेलं की! अन्वय लावला की वृत्त मेलं, हे तर आम्हाला बाईंनीच सांगितलेलं.

पुणेरी_सेन्सेई

गेलंच. उच्चारांचे चढ-उतारही गेले, जे चिनी कवितेचा निम्मा जीव असतात. म्हणूनच तर अक्षराला जास्त भाव आला, असं माझं मत. कान गेले, डोळे राहिले.

शाईचोर

सेन्सेई, इथे मी भांडणार. कान गेले कसे? चिनी कविता कुंदोकुने खड्या आवाजात म्हणायची आख्खी परंपरा आहे, शिगिन. आमच्या शोदोच्या वर्गाशेजारच्या खोलीतच चालतं. सत्तरीतले आजोबा छाती फुगवून असा हेल काढतात की आमचे ब्रश थरथरतात.

पुणेरी_सेन्सेई

मान्य. शिगिन विसरलो होतो. शब्द मागे घेतो, अर्धे.

टवाळ

एक प्रामाणिक प्रश्न, टवाळी नाही. कविता दुसऱ्याची, भाषा दुसऱ्याची, लिपी दुसऱ्याची. मग लिहिणाऱ्याचं त्यात काय? हे म्हणजे कुणी आरती सुंदर अक्षरात लिहून खाली स्वतःची सही करण्यासारखं झालं.

शाईचोर

आरती गाणाऱ्याचं आरतीत काय असतं? तेच.

बरं, नीट सांगते. पहिली दोन वर्षं आम्ही स्वतःचं काही लिहिलंच नाही. जुन्या मोठ्या लेखकांचे कित्ते गिरवायचे, त्याला रिंशो म्हणतात. घासून घासून शाई करायची. शाईची कांडी म्हणजे काजळी आणि प्राण्यांच्या कातडी-हाडांचा सरस. नारा शहर हे तिचं माहेर. तिथलं कोबाइएन हे दुकान १५७७ पासून चालू आहे. कांड्या हिवाळ्यातच बनवतात, उन्हाळ्यात सरस नासतो म्हणून. दगडावर थेंबभर पाणी घेऊन ती घासायची, दहा-पंधरा मिनिटं, जोर न लावता. बाटलीतली तयार शाईही मिळते आणि शाळेची मुलं तीच वापरतात. मीही. (सेन्सेईंना सांगू नका. माझ्या, पुण्याच्या नव्हे.)

मग ब्रश एकदा बुडवला की तीन, चार, कधी सहा अक्षरं. पहिलं ओलं, गडद, जरा फुगलेलं. शेवटचं कोरडं, फाटकं. पुन्हा बुडवला की पुन्हा गडद. वाळल्यावरही हे सगळं दिसतं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाने कुठे दम घेतला ते तुम्हाला आज दिसतं. खोडरबर नाही, दुसऱ्यांदा गिरवायची मुभा नाही. गिरवलं की लगेच कळतं, आणि बाई नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"ला मी चार वर्षं घाबरतेय.

गोंयकार

त्या ब्रशांबद्दल ऐकलेलं की चांगला ब्रश घेतला तर खिसा रिकामा होतो. नवशिक्याने काय घ्यावं? मुलीला हौस आली आहे. म्हापशात काही मिळणार नाही, मागवावंच लागेल.

शाईचोर

हिरोशिमाजवळच्या कुमानो गावचे ब्रश प्रसिद्ध आहेत, साधा सराव ब्रश फार महाग नसतो. मुलीसाठी अगदी मऊ शेळीच्या केसांचा नको, तो ऐकत नाही. थोडा कडक केस मिसळलेला घ्या. कागद म्हणून सुरुवातीला जुनी वर्तमानपत्रं झकास.

कांदेपोहे

जपानीत एक म्हण आहे ना, कोबो ब्रश निवडत बसत नाही? म्हणजे आपलं नाचता येईना अंगण वाकडं, उलट्या बाजूने.

पुणेरी_सेन्सेई

आहे. कोबो दाइशी म्हणजे कुकाइ (७७४ ते ८३५), शिंगोन या बौद्ध पंथाचा संस्थापक आणि जपानच्या तीन महान लेखणीबहाद्दरांपैकी एक. पण मजा बघा, याच कुकाइने चीनहून परतल्यावर ८१२ साली सम्राट सागाला खास बनवून घेतलेले तानुकीच्या (कुत्र्याच्या कुळातला एक जपानी रानटी प्राणी) केसांचे ब्रश नजर केले आणि सोबत पत्र लिहिलं. कुठल्या तऱ्हेच्या अक्षराला कुठला ब्रश हे तो बारकाईने बघायचा. म्हण आपली लोकांनी त्याच्या नावावर खपवली.

दुसरी म्हण जास्त खरी वाटते: कोबोचाही ब्रश चुकतो. राजवाड्याच्या ओतेन दरवाजाची पाटी लिहिताना एक टिंब राहिलं. पाटी वर चढवून झालेली, मग याने खालून ब्रश फेकून टिंब दिलं म्हणे. आख्यायिका आहे, पण गोड आहे.

मोडीवाचक

अवांतर: याच कुकाइने सिद्धम् लिपी जपानात रुजवली. ती आपल्या नागरीची जवळची नातलग. कोयासानला (कुकाइने वसवलेलं डोंगरावरचं मठांचं गाव) गेलो होतो तेव्हा थडग्यांच्या पाच थरांच्या दगडांवर ती अक्षरं बघून उभाच राहिलो. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. पंचमहाभूतं हो! आणि जपानी मुलं बाराखडी म्हणतात तीही अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम आपल्या वर्णमालेचाच आहे.

टवाळ

आता धागा "जगात सगळं आपल्याकडूनच गेलं" या वळणावर जायच्या आत धागाकर्त्यांना हाक मारा.

निशिकासाईकर

आलो आलो. इतके प्रतिसाद बघून धन्य झालो. भिंग लावलं: ठिपके नाहीत, पांढऱ्या रेघा आहेत. कागद मोजला: ३४ बाय १३५. सेन्सेईंना दंडवत. पण परत तीनदा मोजलं, बायकोनेही मोजलं. डावीकडे १३च आहेत. आणि हा घ्या फोटो, शेवटी चढला एकदाचा.

पुणेरी_सेन्सेई

अहो!! पहिलं अक्षर "चंद्र", दुसरं "पडणे", तिसरं "कावळा". ही तर झांग जीची "मेपल पुलापाशी रात्रीचा मुक्काम". जपानात चिनी कविता म्हटलं की पहिल्या दोन-तीनांत हिचं नाव येतं. अर्थ साधारण असा:

चंद्र मावळतो, कावळा ओरडतो, हिम आकाशात भरते;
नदीकाठचे मेपल, कोळ्यांचे दिवे, समोर माझी उदास झोप.
गुसू नगराबाहेरच्या हानशान मंदिराची
मध्यरात्रीची घंटा ऐकू येते पाहुण्याच्या नावेपर्यंत.

गुसू म्हणजे आजचं सुजौ. झांग जी ७५३ साली सरकारी परीक्षा पास झाला आणि दोनच वर्षांत आन लुशान या सेनापतीचं बंड पेटलं. देश उलथापालथा झालेला, हा घरापासून दूर, नावेत पडलेला. झोप कुठली येतेय.

रेवती_क

रात्री कावळा? आपल्याकडे तो सकाळी ओरडतो आणि पाहुणा येतो. इथे पाहुणाच नावेत पडून कावळा ऐकतोय. "हिम"ऐवजी "दहिवर" कसं वाटेल? "दहिवर दाटे नभी". हिम म्हटलं की मला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची दरवर्षीची बातमी आठवते.

बोरूबहाद्दर

दहिवर फक्कड! ताई, पूर्ण करा ना.

रेवती_क

नको, "उदास झोप"शी अडलेय दोन तास. "झोपेला सामोरी उदासी" की "उदासीला सामोरी झोप"? अन्वयच लागेना. :(

पुणेरी_सेन्सेई

तिथे भले भले अडलेत, वाईट वाटून घेऊ नका.

या कवितेचं जपान्यांना भारी वेड. १७२४ साली हातोरी नानकाकुने तांग कवितांची एक निवड छापली, ती एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) घरोघरी गेली, त्यात ही आहे. पुढे १९०६ साली यू युए नावाच्या चिनी पंडिताच्या हस्ताक्षरातला शिलालेख हानशान मंदिरात बसवला, त्याचे ठसे जपानी पर्यटक अजून आणतात. जुनी घंटा जपान्यांनी पळवली अशी सुजौत बोलवा होती, म्हणून त्याच सुमारास जपानातून नवी घंटा ओतून पाठवली, तिच्यावर जपानचा पहिला पंतप्रधान इतो हिरोबुमी याचं नाव आहे.

पण थांबा. फोटोत चौथा चरण बघतोय. "रात्र" हे अक्षर आहे आणि त्यानंतर थेट "घंटा". मधलं "अर्धं" कुठे गेलं? मूळ आहे "रात्र-अर्धं-घंटा-नाद", म्हणजे मध्यरात्रीचा घंटानाद.

शाईचोर

सापडलं!! सहीच्या वर ते बारीक अक्षर बघा, बाजूला टिंब दिलेलं. धागाकर्त्यांना तो नावाचा भाग वाटला. ते "अर्धं" आहे! लिहिताना अक्षर राहिलं की शेवटी बारीक लिहून देतात, जुनी पद्धत आहे. म्हणजे २७ अधिक १. हिशोब जुळला.

आणि त्याच्या आधीचं "रात्र" बघा किती कोरडं आहे, फाटकंच. पुढची "घंटा" एकदम ओली, टपोरी. याने तिथे ब्रश बुडवला. बुडवायला वळला, परत आला आणि एक अक्षर ओलांडून बसला. अगदी अस्संच होतं हो! माझं दर महिन्याला होतं.

टवाळ

म्हणजे धोब्याने अर्धा पायजमा नंतर आणून दिला.

पुणेरी_सेन्सेई

टवाळराव, याच "अर्ध्या"वरून चीनमध्ये वाद झालाय. अकराव्या शतकात ओउयांग श्यू या कवी-पंडिताने आक्षेप काढला: ओळ सुंदर आहे, पण मध्यरात्री घंटा कोण वाजवतं? मग लोकांनी दाखवून दिलं की त्या भागातल्या मंदिरांत खरोखर वाजवत. आमच्या या अनाम लेखकाने अक्षर गाळून वादच मिटवला होता, नुसती "रात्रीची घंटा". आणि मग इमानदारीने परत घातलं.

कांदेपोहे

म्हणून १५०० येन तर नव्हे? चुकीचा माल?

शाईचोर

नाही हो. अनोळखी लेखकाच्या गुंडाळ्या तशाही स्वस्तच जातात. नवी पिढी टांगत नाही, घरात तोकोनोमाच (गुंडाळी टांगायचा खास कोनाडा) नसतो. शिक्के वाचायचा प्रयत्न केला. दोन चौकोनींपैकी वरचा पांढऱ्या अक्षरांचा म्हणजे नाव, खालचा लाल अक्षरांचा म्हणजे टोपणनाव. पण फोटो तिथे हललाय.

निशिकासाईकर

शिक्क्यांचा फोटो परत काढेन. आधी आजचं सांगतो.

संध्याकाळी शेजारच्या आजींना परत बोलावलं. म्हटलं, कळलं काय आहे ते, "त्सुकि ओचि..." एवढंच म्हणालो मी. पुढचं त्यांनीच सुरू केलं. "त्सुकि ओचि, कारासु नाइते, शिमो तेन नि मित्सु..." चारही चरण, न अडखळता, डोळे मिटून. शाळेत पाठ केलेली म्हणे, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी. अक्षर वाचता येत नव्हतं, कविता तोंडपाठ होती. मग एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी परत म्हटली. "रात्री"पाशी बोट थांबलं, खाली सहीपर्यंत गेलं, परत वर आलं. खूप हसल्या. म्हणाल्या, "गडबडला बिचारा."

आणि त्यांनीच सांगितलं की तोक्योच्या हद्दीतच, ओमे लाइनवर सावाइ स्टेशनजवळ, तामा नदीकाठी एक छोटं कानझान-जी मंदिर आहे, हानशानचंच जपानी नाव. १९३० साली एका शोदो लेखकाच्या पुढाकाराने बांधलेलं. नदीवर झुलता पूल, त्याचं नाव कवितेतलंच, मेपल पूल. घंटा कुणीही वाजवू शकतं. रविवारी आजींना घेऊन चाललोय.

टवाळ

मध्यरात्री वाजवणार ना?

निशिकासाईकर

दुपारी. मध्यरात्री ओमे लाइनला गाडी नसते.